घरात बिअर बनते आणि घरात कुत्राही आहे: हॉप्स, चोथा, जुलाब आणि कान

तुमचं सगळं नीट वाचलं. चिकू चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३२ किलो, तुम्ही सिॲटलजवळ राहता, मिस्टर महिन्यातून एकदोनदा गॅरेजमध्ये पाच गॅलनची बॅच लावतात. ब्रू-डेला, म्हणजे बिअर बनवायच्या दिवशी, चिकूला बाउलभर चोथा, म्हणजे भिजवून गाळल्यावर उरलेलं धान्य, मिळतो आणि दुसऱ्या दिवशी जुलाब होतात. कानाला बिअरसारखा वास येतोय म्हणून कानात बिअरचं यीस्ट गेलं का अशी शंका आहे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, विषारी असतात असं कोणीतरी सांगितलंय ते खरं का हे विचारलंय, आणि सासूबाईंनी पिसवांसाठी ब्रूअर्स यीस्टच्या गोळ्या सुचवल्यात त्याबद्दलही.

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले, आता बरीच वर्षं ओरेगॉनमध्ये प्रॅक्टिस करतेय आणि घरी बिअरही बनवते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. पण क्रम बदलते, कारण हॉप्सचा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता विचारलाय आणि खरं तर जिवावर बेतणारी गोष्ट तीच एक आहे. जुलाब आणि कान त्रासाचे आहेत, पण त्यांना वेळ आहे. हॉप्सला वेळ नसतो.

तर हो, हॉप्स कुत्र्यांना खरोखर विषारी आहेत, नेटवरची उगाच भीती नाहीये. खाल्ल्यावर काही कुत्र्यांचं शरीर आतूनच तापायला लागतं, म्हणजे इन्फेक्शनचा ताप नव्हे, स्नायूच बेसुमार उष्णता तयार करत सुटतात. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, ते यात १०५ च्या वर जातं, कधी १०८ पर्यंत. अमेरिकेतल्या व्हेटर्नरी जर्नलमध्ये १९९७ साली अशा पाच कुत्र्यांची नोंद आली, त्यात बहुतेक ग्रेहाउंड होते, आणि तेव्हापासून आम्ही लोक ब्रूइंग करणाऱ्या घरांना हे विचारायला लागलो. ग्रेहाउंडची नावं जास्त येतात, पण लॅब्रॅडॉर, डॉबरमन, सेंट बर्नार्ड, बॉर्डर कॉली यांच्यातही झालेलं आहे. हॉप्समधला नेमका कुठला घटक हे करतो ते अजून ठरलेलं नाही आणि किती ग्रॅमपर्यंत चालतं असा आकडाही कोणाकडे नाही, म्हणून "थोडंसंच चाटलं" या वाक्याला मी कधीच निवांत होत नाही.

आता यातली गोम, जी ब्रूइंग करणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. उकळल्यावर हॉप्सचा दम निघून जातो असं खूप जणांना वाटतं, तसं होत नाही. उकळून झालेले, केटलच्या, म्हणजे उकळायच्या मोठ्या भांड्याच्या, तळाशी हिरव्या चिखलासारखे बसलेले हॉप्स तितकेच धोक्याचे, उलट कुत्र्यासाठी जास्त, कारण कोरडं पेलेट, म्हणजे हॉप्सची दाबून केलेली गोळी, कडू लागतं आणि बरेच कुत्रे तोंड लावून सोडून देतात, पण केटलमधला गाळ वर्टमध्ये, म्हणजे धान्यातून काढलेल्या गोड पाण्यात, मुरलेला असतो आणि तो लॅब्रॅडॉर आनंदाने चाटतो. ड्राय हॉपिंग केलेल्या, म्हणजे उकळल्यानंतर वरून हॉप्स घातलेल्या, बॅचमध्ये फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, तळाशी जे राहतं त्याचंही तेच. हल्लीच्या हेझी आयपीएला, म्हणजे भरपूर हॉप्सच्या गढूळ बिअरला, पाच गॅलनमागे दोनशे ग्रॅम आणि वरही हॉप्स सहज पडतात, तेवढा सगळा माल शेवटी एकतर कचऱ्यात जातो नाहीतर मागच्या अंगणात कंपोस्टमध्ये, आणि दोन्ही जागा कुत्र्याच्या नाकासमोर.

लॅबचं तर विशेषच. २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं की साधारण चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. म्हणजे "आमचा खातो फार" हा लाडाचा किंवा शिस्तीचाच भाग असतो असं नाही, काहींची घडणच तशी. त्याला समजावून उपयोग नाही, डब्याला झाकण लावून उपयोग आहे.

काय करायचं ते सांगते. हॉप्स मोकळे न टाकता जाळीच्या पिशवीत किंवा स्टीलच्या हॉप स्पायडरमध्ये, म्हणजे जाळीच्या नळकांड्यात, उकळा, म्हणजे शेवटी एका हाताने उचलून थेट पिशवीत बांधता येतात. ती पिशवी झाकण लॉक होणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात, आणि तो डबा गॅरेजच्या बाहेर. कंपोस्टमध्ये हॉप्स अजिबात नाही, कुंपण असलं तरी नाही. केटल "उद्या धुऊ" म्हणून जमिनीवर ठेवायची नाही. तुमच्या भागात हौसेने कुंपणावर कॅस्केड जातीच्या हॉप्सचा वेल चढवतात, हॉप्सच्या शेतीचं याकिमा खोरं जवळच असल्यामुळे रोपंही सहज मिळतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याची सुकलेली फुलं खाली पडतात ती रोज झाडून घ्या नाहीतर वेल अशा बाजूला लावा जिथे चिकू जात नाही.

आणि खाल्लेच तर? लक्षणं अर्ध्या तासातही सुरू होतात आणि काही तासांनीही. आधी अस्वस्थपणा, एका जागी बसत नाही, मग जोरजोरात धाप, न पळता न उन्हात जाता. हिरड्या लालभडक होतात, छाती धडधडते, उलट्या, पोट दुखतं, अंग गरम लागतं, पुढे स्नायू ताठ होतात, झटके येतात. वाईट केसमध्ये सहा तासांच्या आत कुत्रा जातो. म्हणून लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, हॉप्स खाल्ल्याचं कळलं की त्याच मिनिटाला जवळच्या चोवीस तासवाल्या इमर्जन्सीला फोन करून निघायचं. लवकर पोचलात तर आम्ही इंजेक्शनने उलटी करवतो, मग ॲक्टिव्हेटेड चारकोल, सलाईन, थंड करणं, आणि लागलंच तर डॅन्ट्रोलिन, जे स्नायूंची ती उष्णता थांबवणारं औषध आहे. डॅन्ट्रोलिन प्रत्येक क्लिनिकमध्ये नसतं, त्यामुळे फोनवरच विचारा, "हॉप्स खाल्लेत, डॅन्ट्रोलिन आहे का?" गाडीत एसी फुल, अंग साध्या नळाच्या पाण्याने ओलं करा, बर्फ नको. रेक्टल थर्मामीटर घरात हवाच, दहा डॉलरचा येतो, आणि टेंपरेचर १०३.५ पर्यंत खाली आलं की ओलं करणं थांबवायचं नाहीतर गरजेपेक्षा खाली जातं.

घरच्या घरी उलटी करवू नका, हे कळकळीने सांगते. आपल्याकडे मिठाचं पाणी पाजायची जुनी सवय आहे, पण मिठाने कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येते, झटके येतात, म्हणजे एकाचे दोन विकार. दूध, तूप यांनी विष उतरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल तुम्ही इकडे ऐकलं असेल, ते फक्त व्हेटने फोनवर हो म्हटलं आणि डोस सांगितला तरच, आणि कुत्रा आधीच धापत असेल तर तेही नाही. दोन नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, एएसपीसीए या प्राणीसंस्थेचं पॉयझन कंट्रोल ८८८-४२६-४४३५ आणि पेट पॉयझन हेल्पलाइन ८५५-७६४-७६६१. दोन्ही फी घेतात, पण रात्री दोन वाजता विषतज्ज्ञ लाइनवर मिळतो आणि ते जो केस नंबर देतात तो तुमच्या व्हेटला उपयोगी पडतो.

आता चोथ्याकडे येते, आणि इथे बातमी बरी आहे. मॅश करून, म्हणजे गरम पाण्यात भिजवून, गाळून उरलेला जवाचा चोथा, ज्याला हॉप्सचा स्पर्श झालेला नाही, तो कुत्र्याला विषारी नाही. त्यातली साखर बरीचशी वर्टमध्ये गेलेली असते, उरतं ते प्रोटीन, कोरड्या वजनाच्या विसेक टक्के, आणि निम्म्याच्या आसपास फायबर, सालपटं. गाईम्हशींना तो पूर्वापार घालतातच, मोठ्या ब्रूअरींचा बहुतेक माल गोठ्यांकडेच जातो. पण गाईचं पोट आणि चिकूचं पोट यात फार फरक आहे. पाच गॅलनला साधारण पाच किलो धान्य लागतं, त्याचा ओला चोथा सात-आठ किलो होतो, आणि एवढा ढीग बघून माणसाचा हात सैल सुटतो. बाउलभर फायबर एकदम पोटात गेलं की ते आतड्यात पाणी ओढतं, तिथले जंतू ते आंबवतात, गॅस होतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही जे अंगणात बघता ते. तुमच्या चिकूचे जुलाब बिअरच्या कुठल्या विषामुळे नाहीत, मापामुळे आहेत असं मला वाटतं, कारण तुम्हीच लिहिलंय की बाकी महिनाभर त्याचं पोट ठीक असतं, उलटी नाही, तो खेळतो, आणि दीड दिवसात सगळं आपोआप थांबतं. पुढच्या दोन ब्रू-डेला चोथा पूर्ण बंद ठेवा. जुलाब झाले नाहीत तर उत्तर मिळालं.

मात्र "हॉप्सचा स्पर्श नाही" हे नवऱ्याला विचारून पक्कं करा, कारण काही जण मॅशमध्येच हॉप्स टाकतात, मॅश हॉपिंग, हल्ली हेझी बिअरसाठी परत फॅशनमध्ये आलंय. त्या बॅचचा चोथा कुत्र्याला अजिबात नाही. आमच्याकडे नियम साधा आहे, चोथा बाहेर काढायचा, झाकण असलेल्या डब्यात भरायचा, डबा घरात न्यायचा, आणि मगच हॉप्सचं पाकीट उघडायचं. एकाच टेबलावर एकाच वेळी दोन्ही नको, पेलेटचा चुरा चोथ्यात सांडलेला नंतर दिसतही नाही.

दुसरी काळजी बुरशीची. ओला, कोमट चोथा म्हणजे बुरशीला आमंत्रण, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबट वास मारतो. बुरशी लागलेल्या धान्यात काही वेळा अशी विषं तयार होतात की ज्यांनी कुत्र्याचं सगळं अंग थरथरायला लागतं, चालताना झोकांड्या जातात, पुढे झटके. इमर्जन्सीला येणारे असे बरेच कुत्रे कंपोस्टच्या ढिगाऱ्यातून आलेले असतात. म्हणजे हॉप्स नसलेला चोथाही कंपोस्टमध्ये टाकलात तर तो कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असा, बंद पेटीत. खायला ठेवायचा तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये.

बिस्किटं करायची तर करा, मीही करते. चार कप चोथा घट्ट पिळून, दोन कप गव्हाचं पीठ, एक कप पीनट बटर, एक अंडं, मळून लाटून कापायचं, ३५० फॅरनहाइटला अर्धा तास, मग २२५ ला दोन-तीन तास, अगदी कडक होईपर्यंत. आत ओलावा राहिला तर चार दिवसांत बुरशी धरतात, म्हणून निम्मी फ्रीझरमध्येच ठेवते. पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल किंवा बर्च शुगर लिहिलंय का ते वाचा, लिहिलं असेल तर ती बरणी कुत्र्याच्या वाटेला जाऊ देऊ नका. कुत्र्यात झायलिटॉल गेलं की इन्शुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते, वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंही पुरतं, आणि ०.५ ग्रॅमच्या वर लिव्हर जातं. ब्रूइंगवाल्या घरात हे आणखी एका कारणासाठी सांगते, सायडर गोड करायला काही जण झायलिटॉलची पावडर वापरतात कारण यीस्ट ते खात नाही. तुमच्याकडे तसं पाकीट असेल तर आजच घराबाहेर काढा. बाकी दिवसाच्या खाण्यातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नको हा नियम चिकूलाही लागू, म्हणजे छोटी दोन-तीन बिस्किटं.

चॉकलेट मॉल्टबद्दल लोक दचकून विचारतात. ते नुसतं गडद भाजलेलं जव आहे, त्यात कोको नसतो, त्याचा चोथा चालतो. पण स्टाउटमध्ये, म्हणजे काळ्या बिअरमध्ये, खरे कोको निब्स, कॉफी, मनुका घालत असाल तर ते वेगळं, ती तिन्ही कुत्र्याला वर्ज्य. व्हॅनिला आणि कोको भिजवलेल्या व्होडकाची बरणी खाली ठेवलेली असते तिचीही आठवण करून देते.

तयार बिअर चाटू देऊ नका, "थोडीशी फेसाची" म्हणूनही नाही. दारूने कुत्र्याची साखर आणि टेंपरेचर दोन्ही खाली जातात, झोकांड्या, उलटी, गुंगी, आणि बिअरमध्ये वरून हॉप्स आहेतच. पण पातेलंभर बिअरपेक्षा मला फर्मेंटरच्या तळाच्या गाळाची जास्त भीती वाटते. त्यात जिवंत यीस्ट, उरलेली साखर, दारू आणि हॉप्स सगळं एकत्र असतं. पोटाच्या उबेत यीस्ट कामाला लागलं की गॅसने पोट फुगतं आणि वर दारू चढते, न भाजलेल्या पावाचं पीठ खाल्लेल्या कुत्र्यांत आम्ही हे बघतो. फर्मेंटर धुताना तो गाळ गवतावर ओतायचा नाही. पोट टम्म झालंय आणि कुत्रा ओकारीचा प्रयत्न करतोय पण काहीच पडत नाहीये असं कधीही दिसलं, बिअर असो नसो, तर ते पोटाला पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं, सरळ गाडी काढायची.

केमिकलचं थोडक्यात. भांडी निर्जंतुक करायचं स्टार सॅन पातळ केलेलं जमिनीवर सांडलं आणि पंजाला लागलं तर पाण्याने धुवा, घाबरू नका, पण बाटलीतलं मूळ द्रावण कडक ॲसिड आहे. पीबीडब्ल्यू, भांडी धुवायची पावडर, त्याच्या उलट, अल्कली. दोन्ही वरच्या फळीवर. ही चाटली तर उलटी मुळीच करवायची नाही, जाताना जाळत गेलेलं येताना परत जाळतं. आणि पाच गॅलनची बॅच आठ-दहा दिवसांत चारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते, गॅरेजमध्ये त्याने काही बिघडत नाही, पण फर्मेंटर ज्या बंद छोट्या कपाटात किंवा स्टोअररूममध्ये असेल तिथे कुत्र्याचं अंथरूण नको, तो गॅस जड असतो आणि खाली साठतो.

आता जुलाब झालेच तर. चांगला मोठा कुत्रा, खेळतोय, पाणी पितोय, नुसती शी पातळ, तर एक-दोन दिवस घरी बघायला हरकत नाही. मऊ भात आणि उकडलेलं चिकन, कातडी-हाड-मीठ-मसाला काही नाही, भात दोन भाग चिकन एक भाग, थोडं थोडं चार वेळा. पाणी कायम समोर. शी बांधून झाली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर. वरणभातावर फोडणी, कांदा-लसूण नको, कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. रक्त पडलं, उलट्याही सुरू झाल्या, मलूल झाला, दोन दिवसांत थांबलं नाही, किंवा पिल्लू असेल, तर घरी थांबायचं नाही. आणि ब्रू-डेशी संबंध नसलेले जुलाब परत परत होत असतील तर शीचा ताजा नमुना घेऊन जा आणि जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीची टेस्ट सांगा, तुमच्याकडे ओढ्यातलं-तळ्यातलं पाणी पिणाऱ्या कुत्र्यांत तो नेहमीचा आहे.

इथेच भारतातून आणलेल्या औषधांच्या पिशवीबद्दल बोलते, कारण ती आपल्या प्रत्येकाच्या घरी असते. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन नाही, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते. क्रोसिन नाही. माणसाच्या जुलाबाच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नाही, कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत लोपेरामाइड थेट मेंदूपर्यंत पोचतं.

कान. तुमची शंका बरोबर दिशेने आहे पण जीव वेगळा. कानात जे वाढतं ते मॅलॅसेझिया, हेही यीस्टच, पण बिअरचं सॅकरोमायसिस नव्हे, दोघांचा संबंध नाही. मॅलॅसेझिया प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर थोडं असतंच, ते तेल खाऊन जगतं, आणि कानात ऊब, ओल आणि सूज एकत्र आली की बेसुमार वाढतं. तपकिरी मेणचट मळ, आंबूस वास, डोकं झटकणं, कान जमिनीला घासणं, हे सगळं तुम्ही लिहिलंय. नवऱ्याने ब्रूइंग वर्षभर बंद केलं तरी हे थांबणार नाही.

थांबवायचं तर सूज का आली ते शोधायला हवं. चिकूचे दोन्ही कान आहेत, तुम्ही लिहिलंय की तो पंजेही चाटतो आणि वसंतात जास्त होतं, हे सगळं ॲलर्जीकडे बोट दाखवतं. लॅबमध्ये परागकण, धुळीतले माइट्स यांची ॲलर्जी फार कॉमन आहे, आणि तळ्यात पोहून कान ओले राहिले की भर पडते. एकच कान असता आणि अचानक सुरू झालं असतं तर मी आधी गवताचं कुसळ शोधलं असतं. इकडे उन्हाळ्यात ज्याला फॉक्सटेल म्हणतात ते जवाच्याच कुळातलं रानटी गवत आहे, त्याचं कुसळ कानात शिरलं की आतच जात राहतं आणि भूल देऊनच काढावं लागतं.

व्हेटकडे जाताना आदल्या दिवशी आणि त्या दिवशी कान साफ करू नका. मळ असू दे, तोच आम्हाला हवा असतो. आम्ही स्वाब घेऊन काचेवर लावतो, रंग देतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो, मॅलॅसेझिया भुईमुगाच्या शेंगेसारखं दिसतं, बॅक्टेरिया असले तर तेही दिसतात, पाचएक मिनिटांचं काम. हे न करता नुसते ड्रॉप्स मिळत असतील तर "सायटॉलॉजी करता का" असं विचारा, विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि कानाचा पडदा शाबूत आहे का ते बघितल्याशिवाय काही घालायचं नाही, जुने उरलेले नाही, भारतातले जेंटामायसिनचे नाही, पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कायमचा बहिरेपणा येतो. व्हिनेगर, पेरॉक्साइड, खोबरेल तेल नको. तेल तर नकोच, ते त्या यीस्टचं खाणं आहे.

नंतर घरी कान धुवायचा तो व्हेटने दिलेल्या क्लीनरने, कान भरेपर्यंत ओतायचं, बुडाशी अर्धा मिनिट चोळायचं, पचपच आवाज आला पाहिजे, मग त्याला झटकू द्यायचं आणि बाहेरून दिसतं तेवढंच कापसाने पुसायचं, इअरबड आत नाही. ड्रॉप्समध्ये साधारण मायकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल नाहीतर पोसाकोनॅझोल आणि सोबत स्टिरॉइड असतं, दोन ते चार आठवडे. स्टिरॉइड ऐकून अर्ध्यावर बंद करू नका, कानात घातलेल्याची भीती गोळ्यांइतकी नसते, आणि सूज न उतरवता यीस्ट मारलं तर ते महिन्यात परत.

पुन्हा पुन्हा होत राहिलं तर फूड ट्रायल सांगतील. आठ आठवडे एकच प्रिस्क्रिप्शन डाएट, दुसरा कण नाही. इथे तुमच्या गॅरेजचा आणि कानाचा खरा संबंध येतो. त्या आठ आठवड्यांत चोथ्याचं एकही बिस्किट चालत नाही, त्यात गहू आहे, अंडं आहे, आणि चिकन, बीफ, दूध, गहू हीच कुत्र्यांतल्या फूड ॲलर्जीची नेहमीची कारणं. ब्रू-डेला जमिनीवर सांडलेलं धान्य चिकूने टिपलं तरी ट्रायल वाया. त्यामुळे त्या दोन महिन्यांत एकतर बिअर लावताना चिकूला वरच्या मजल्यावर बंद ठेवा किंवा बॅचच पुढे ढकला. फूड नसेल आणि परागकणांचीच ॲलर्जी निघाली तर ओक्लासिटिनिबच्या गोळ्या, ज्यांना अपोक्वेल नावाने २०१३ मध्ये इकडे मंजुरी मिळाली, किंवा महिन्याचं इंजेक्शन, असे बरे पर्याय आहेत.

सासूबाईंच्या गोळ्यांबद्दल, त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्या गोळ्यांनी नुकसानही सहसा होत नाही, कारण दुकानातलं ब्रूअर्स यीस्ट मेलेलं असतं, त्यात बी व्हिटॅमिनं असतात. पण त्याने पिसवा जात नाहीत, हे तपासून झालंय. पिसवांसाठी व्हेटने दिलेली महिन्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, बारा महिने, तुमच्या हवेत थंडीतही. आणि त्या गोळ्या म्हणजेच आपल्या फर्मेंटरचं यीस्ट असं समजून घरचा गाळ सुकवून देऊ नका, त्यात हॉप्सचं कडू उतरलेलं असतं आणि यीस्ट जिवंत.

पुण्यातल्या दिरांनाही ब्रूइंग सुरू करायचंय आणि त्यांच्याकडे बीगल आहे असं लिहिलंत. कुत्र्याबद्दलचं वरचं सगळं तिथे जसंच्या तसं लागू, फक्त पुण्याच्या उन्हात चोथा फार लवकर खराब होतो. पण आधी त्यांना कायद्याचं सांगा. इकडे १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर मोकळी झाली, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअरसुद्धा घरी बनवता येत नाही. बीगलला चोथ्याची बिस्किटं हवीच असतील तर पुण्यात मायक्रोब्रूअरी आहेत, त्यांना सकाळचा ताजा चोथा मागून बघावा, आणि घेताना एवढंच विचारावं की मॅशमध्ये हॉप्स टाकले होते का.